पितळेची चावी

“भाऊ, तुमाला कुलूप टिकवायचंय का चावी? आदी ते सांगा,” बायडाबाई म्हणाली.

यमाजी तिच्याकडे बघतच राहिला. चावी करायला आलेल्या माणसाला हा काय सवाल झाला? न्हाव्यानं गिऱ्हाइकाला डोकं ठेवायचंय की केस, असं विचारण्यातलाच प्रकार. तो म्हणाला, “दोनी टिकवा की.”

“दोनी न्हाई टिकत,” बायडाबाई म्हणाली आणि टपरीच्या फळीवर कोऱ्या चाव्या मांडायला लागली.

कळंबला जुन्या रस्त्याच्या कडेला तिची पत्र्याची टपरी होती. पूर्वी तिचा नवरा जानकू तिथं बसायचा. तो गेल्यावर टपरी बरेच दिवस बंद होती, आणि मग एक दिवस बायडाबाईच पदर खोचून आत जाऊन बसली. बाईमाणूस चाव्या करतंय म्हटल्यावर आधी लोक गंमत बघायला आले. नंतर ज्यांच्या त्यांच्या चाव्या हरवल्या, तसे गुमान कामाला यायला लागले. महाळुंग्याचा यमाजी मात्र आज पहिल्यांदाच आला होता. टपरीसमोरच्या लिंबाखाली त्याची पांढरी अँबॅसॅडर उभी होती. गाडी चालू करायची चावी निराळी, तिचं काही बिघडलं नव्हतं. दुखणं होतं ते दाराच्या कुलपाचं.

“ही बगा स्टीलची,” बायडाबाईनं पहिली चावी पुढं सरकवली. “कडक. ही काय झिजायची न्हाई. पर तुमच्या कुलपाच्या आतल्या पट्ट्या पितळंच्या हायेत. चावी कडक आन पट्ट्या नरम. मंग झिजायचं कुनी?”

“पट्ट्यांनी.”

“हां. चार-दोन वर्सांत कुलूप खाऊन टाकती ही. ही दुसरी पांढऱ्या धातूची, ही बी टणकच. नव्या गाड्यांना चालती. आन ही पितळंची. लई नरम. ही सवता झिजंल, पर कुलपाला काय करनार न्हाई. झिजली का माज्याकडं यायचं, दुसरी घेऊन जायची. चाव्या काय, मिळत्यात. ह्या गाडीचं कुलूप आता कुटं मिळतंय?”

यमाजीनं पितळेची चावी उचलली. हलकी होती. असली लेचीपेची चावी दाराला लावायची, हे त्याच्या मनाला पटेना. बाप मेंढरं राखायचा. काठी घ्यावी तर दणकट घ्यावी, हे त्या बापानं त्याला शिकवलेलं. तेच डोक्यात ठेवून त्यानं परवा मंचरच्या एका दुकानात ऐटीत सांगितलं होतं, तुमच्याकडची सगळ्यात कडक चावी द्या. दुकानदारानं दिली. ती घरी येऊन दाराला लावली तर अर्धी आत गेली आणि बसली अडकून. शेवटी पक्कड लावून उपसून काढावी लागली. आधी निदान झटापट केली की कुलूप कधीमधी लागायचं. आता तेही बंद झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“म्हंजी दोगांतल्या येकाला झिजावंच लागतं?” त्यानं विचारलं.

“लागतंच की. घासल्याबिगर कुलूप उगडतंय व्हय?”

यमाजीच्या घरात कोण झिजलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. मेंढरं हाकायची सोडून हा माणसं हाकायला लागला, असं सगळा धनगरवाडा म्हणायचा. प्रवासी भरून मंचरहून भीमाशंकर, भीमाशंकरहून मंचर. श्रावणात तर घरी पाठ टेकायलाही सवड नसायची. मागं राहिलेली मेंढरं, त्याची अंथरुणाला खिळलेली आई आणि महाळुंग्यातली कांद्याची वावरं त्याच्या बायकोनं, बानूबाईनं ओढली. हा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून काचेतून हात करायचा. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही. मागच्या शिमग्याच्या आधी ती गेली, तेव्हापासून ही गोष्ट त्याला अधूनमधून टोचत असे. आज ती एका परक्या बाईनं चावी दाखवता दाखवता टोचली.

“पितळंची करा,” तो म्हणाला. “पर आजच्या आज पायजे. पोरगा यायचाय.”

घाईचं कारण साधं होतं. दाराचं कुलूप लागेनासं झाल्यावर यमाजी गाडी तशीच अंगणात ठेवायला लागला. गावातून चोरून नेणार कोण हा खटारा, असा त्याचा हिशेब. पण गेल्या आठवड्यात शेजारची पोरं ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळायला आत शिरली, कुणीतरी हँडब्रेक सोडला आणि गाडी उतारावरून घरंगळत जाऊन ओढ्याच्या कठड्याला टेकली. पोरं हसत बाहेर पडली. यमाजी मात्र एकेका पोराचे हातपाय चाचपून बघत राहिला. ही बातमी चाकणला त्याच्या मुलाच्या, भैरवनाथच्या कानावर गेलीच.

“आबा, एखादं पोरगं खाली आलं असतं तर?” भैरवनाथनं फोनवर विचारलं. मग मुलानं सांगितलं की हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला अशीच जुनी गाडी हवी आहे. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार, लोक तिच्यापुढं उभे राहून फोटो काढणार. “रंग देईल, धुऊन पुसून ठेवील. चालवायची थोडीच आहे? त्याला चावीपण लागत नाही.”

हे शेवटचं वाक्य यमाजीला फार लागलं. त्याच तिरमिरीत तो बोलून गेला, “रविवारी ये. कुलूप लागलं तर गाडी हितंच ऱ्हाईल. न्हाई लागलं तर घिऊन जा.”

आज रविवार होता. मुलगा दुपारच्या एस.टी.नं यायचा होता.

मंचरची हकीगत ऐकून बायडाबाईनं त्याची जुनी चावी उजेडात धरली. दाते झिजून झिजून गुळगुळीत झाले होते. “ही आता चावी ऱ्हायली न्हाई, नुसती पट्टी झालीया. हिच्यावरनं नवी केली का झीज बी तशीच उतरती. मंचरवाल्यानं तेच केलंय. मूळची दुसरी हाय का कुटं?”

दुसरी होती. यमाजीच्या बंडीच्या आतल्या खिशात, तांबड्या फडक्यात बांधलेली. निघताना देव्हाऱ्यातून उचलली खरी, पण ती बाहेर काढायची वेळ येऊ नये असंच त्याला वाटत होतं.

गाडी घरी आली त्या दिवशी दाराच्या दोन चाव्या मिळाल्या होत्या. बानूबाईनं त्यातली एक तिथंच उचलली आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. “येक तुमची, येक देवाची,” असा तिचा निकाल. एकदा शिवरात्रीच्या गर्दीत भीमाशंकरला यमाजीची चावी हरवली. दुसऱ्याच्या जीपमधून तो रडकुंडीला येऊन घरी आला आणि देव्हाऱ्याकडं हात करून उभा राहिला. बानूबाई भाकरी थापत होती. ती उठलीही नाही. “देवाची मागायला आलाव व्हय? आदी आपली नीट हुडका,” म्हणाली. तो चडफडत परत गेला, तर चावी गाडीच्या डिकीलाच लटकत होती. पुढं कित्येक वर्षं ती हा किस्सा आल्यागेल्याला सांगायची, आणि दर खेपेला त्याचं तोंड आणखी आणखी रडवेलं करून सांगायची.

त्यानं फडकं सोडलं. चावी नवीच्या नवी होती, दाते चांगले धारदार.

“आगं बया,” बायडाबाई म्हणाली. “येवडी चांगली चावी घरात असताना नवी कशाला करताय? हीच वापरा की.”

“न्हाई. ती देवाची हाय.”

बायडाबाईनं देवाची चावी आणि कोरी पितळेची, दोन्ही फळीवरच्या लोखंडी शेगड्याच्या पकडीत शेजारी शेजारी आवळल्या आणि कानस चालवायला सुरुवात केली. पितळेचा पिवळा भुगा तिच्या लुगड्यावर पडत राहिला. थोडं घासायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. यमाजी लाकडी खोक्यावर बसून बघत होता. कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करत बसलंय आणि आपण नुसतं बघतोय, असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. त्याला बरं वाटत होतं.

चावी झाली. दाराला लावली. आत गेली, पण फिरेना.

“आत कायतरी बसलंय,” बायडाबाई म्हणाली. “कुलूप काडावं लागंल.”

तिनं दाराचा आतला पुठ्ठा सोडवला, हात घालून कुलूप बाहेर काढलं आणि पत्र्याच्या वाडग्यात घालून त्यावर रॉकेल ओतलं. ब्रशनं चार वेळा घासल्यावर रॉकेल लाल व्हायला लागलं.

“गंज निगाला लई,” यमाजी म्हणाला.

बायडाबाईनं आतून सुईनं एक खपली उकरून काढली. बोटांत चुरडली. नाकाशी नेली. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, “गंज न्हाई वो भाऊ. कुकू हाय हे! ह्याच्यात त्याल कालवून कुनी भरलंय?”

यमाजीला आधी काही सुधरेना. मग एकदम सगळं आठवलं आणि तो मोठ्यानं हसला. बानूबाई! दर खंडेनवमीला ती विळे, कोयते, मेंढरं कातरायची कातर असं सगळं ओळीनं मांडायची आणि तेलात कालवलेलं कुंकू लावत सुटायची. मग गाडीची पाळी. टपाला, चाकांना, स्टिअरिंगला एकेक बोट, आणि कुलपाला मात्र भरपूर. जिथून लक्ष्मी आत शिरते त्या जागेला हात आखडता घ्यायचा नाही, असं तिचं म्हणणं. भोकात बोट दाबून दाबून भरायची. वर्षानुवर्षं भरत आली. आणि हा वर्षानुवर्षं चावीला शिव्या देत आला.

“लई देवभोळी व्हती,” तो डोळे पुसत म्हणाला. हसता हसता पाणी आलं होतं, का नुसतंच आलं होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“मंग खडखडनारच की कुलूप,” बायडाबाई म्हणाली.

आणि यमाजीचं हसू विरलं.

खडखड होतीच. रात्री-अपरात्री घरी आलं की गाडी लावायची, चावी घालायची, आणि दार हिसडून हिसडून खडखड करत कुलूप बसवायचं. एकदा तो म्हणाला होता, उद्या गॅरेजला दाखवतो. तर बानूबाईच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. खडखडलं का मला कळतं तुमी आला म्हनून. च्याचं आदन ठिवती.” त्यानं तिची थट्टा केली होती, “तुज्या च्यापायी मी बिगडल्यालं कुलूप वागवायचं व्हय?” पण दाखवलं नाही ते नाहीच. घरात पाऊल टाकावं तर पाणी उकळत असायचं.

ती गेल्यावरही, कुलूप लागो न लागो, तो खडखड करत होता. चहा कुणी ठेवत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तो काही वेडा नव्हता. पण खडखड झाली की अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत जायला लागतो तेवढा वेळ घर रिकामं वाटायचं नाही. आत कुणीतरी ऐकलंय असं वाटायचं. तेवढ्यासाठी तो कामधंदा नसताना संध्याकाळी गाडी काढायचा, कळंबपर्यंत यायचा आणि परत जायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार?

“सगळंच काडावं लागंल का?” त्यानं विचारलं. “थोडं आत ऱ्हायलं तर?”

“थोडं जरी ऱ्हायलं तरी पितळंची चावी मोडायची. मोडका तुकडा आत आडाकला का मंग कुलूप फोडायचं.” बायडाबाईला काय समजलं आणि काय नाही कोण जाणे, पण तिनं ब्रश खाली ठेवला. “घाई न्हाई. इचार करा.”

यमाजी जाऊन गाडीत बसला. मागच्या सीटवर बसला, डाव्या बाजूला. बानूबाई बसायची ती जागा. पुढं बसायला ती कधी तयार झाली नाही. मागं ऐसपैस बसून “चला ड्रायवर” म्हणायची. कुंकू तसंच ठेवलं तर कुलूप लागायचं नाही, आणि गाडी हॉटेलच्या दारात जाऊन उभी राहील, लोक हिच्या टपावर हात टेकून दात दाखवतील. कुंकू काढलं तर गाडी राहील, आणि बानूबाईनं ऐकायचा तो आवाज जाईल. दोन्हीकडून तीच जात होती. त्याला बापाची आठवण झाली, आईची झाली, आणि एवढं वय होऊन आपल्याला विचारायला आता एकही माणूस उरलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

तो परत आला तेव्हा बायडाबाई कानशीला तेल लावत होती. “आमच्या ह्यांची हाय ही,” ती आपणहून म्हणाली. “गेलं तवा वाटलं, हात लावू नये हिला. फडक्यात बांधून ठिवली. वर्सानं सोडून बगितली तर गंजाय लागल्याली. तवापास्नं वापरती. दांडा दोनदा बदलला.”

यमाजीनं कानशीकडं पाहिलं. दांडा तिच्या हाताच्या घामानं काळा पडला होता.

“काडा सगळं,” तो म्हणाला.

तिनं काढलं. वाडग्यातलं लाल रॉकेल ओतायला ती रस्त्याकडं गेली, मग थबकली आणि वळून लिंबाच्या बुंध्यामागं जाऊन तिथं ओतलं. “कुनाच्या पायाखाली नगं,” म्हणाली. यमाजीनं मान हलवली. त्याला तिचे आभार मानायचे होते. कुलूप परत दारात बसवून झाल्यावर पैसे देताना त्यानं उगाचच दोनदा रामराम केला.

यमाजी घरी पोचला तेव्हा भैरवनाथ अंगणातच उभा होता. “आबा, कुठं गेला होता? मी कधीचा आलोय. हॉटेलवाल्याचे दोन फोन येऊन गेले.”

यमाजी गाडीतून खाली उतरला. दार लावलं, चावी घातली आणि फिरवली. मग म्हणाला, “उगड बगू.”

मुलानं ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. दार हललं नाही.

“कुणाकडनं केलं?” तो हसून म्हणाला. बापाला हरवायला तोही काही फार उत्सुक नव्हता. “पण आबा, डोळ्यांना कमी दिसायला लागलंय, त्याचं काय? तुम्ही लांब जाऊ नका आता. भीमाशंकरचा घाट तर नकोच.”

“न्हाई जात. कळंबपत्तूर.”

“आणि त्या माणसाला काय सांगू?”

“सांग त्याला,” यमाजी म्हणाला, “हिला चावी लागती.”

दोघं पोटभर हसले. मुलानं आणलेला खाऊ खाल्ला, नातीची शाळेतली गंमत ऐकली. चाकणला चला, हे भैरवनाथ नेहमीप्रमाणे म्हणाला. बघू, हे यमाजी नेहमीप्रमाणे म्हणाला. उन्हं उतरल्यावर त्यानं मुलाला गाडीनं कळंबच्या स्टँडवर सोडलं. एस.टी. वळणाआड जाईपर्यंत हात केला. जिंकलेल्या पैलवानासारखा, एक हात खिडकीबाहेर टाकून तो परत आला.

अंगणात गाडी लावली, तेव्हा दिवेलागण झाली होती. गावात इकडंतिकडं दिवे लागले होते. त्याच्या घरात अंधार होता. तो उतरला, दार लोटलं, नवी चावी घातली आणि सवयीनं दार हिसडायला दुसरा हात वर नेला. हिसडायची गरजच पडली नाही. चावी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. कुलूप लागलं. आवाज आला नाही.

दुपारी मुलासमोर हेच झालं होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तो तिथंच उभा राहिला. कुलूप उघडलं, पुन्हा लावलं. कान देऊन ऐकलं. काहीच नाही. एवढं छान कुलूप त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. अंगण ओलांडायला मात्र पाय उचलेना. आज घर इथूनच रिकामं होतं.

अंधार दाटला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. यमाजीनं चावी खिशात टाकली, हळूहळू चालत उंबऱ्यापाशी गेला आणि खाकरला. इतक्या वर्षांच्या संसारात हे सांगायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. मग त्यानं नीट, मोठ्यानं सांगितलं.

“आलो गं.”

त्यानं चपला काढल्या. आत जाऊन दिवा लावला. तांबड्या फडक्यातली चावी देव्हाऱ्यात टाकाशेजारी होती तिथं ठेवली, आणि स्वतःच चहाचं आधण ठेवलं.